दोन अठ्ठेचाळीस

कल्याण (पूर्व)
मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. मृणाल हिस,

तुझ्या आबाचा जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईला या आठवड्यात हॉस्पिटलात सकाळची ड्युटी आहे, सहाला जाते आणि तीनला येते. माझी साखर ठीक आहे. तुझा पाय कसा आहे? थंडीत ठणकतो का? खडवलीला नदीची हवा गार असते, पहाटे मोजे घालत जा. मेडिकलच्या दुकानात दिवसभर उभं राहावं लागत असेल, तर मालकांना स्टूल माग. लाजू नकोस. नदीवर एकटी जाऊ नकोस. मावशीला माझा नमस्कार सांग.

फोन असताना आबा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस, "आबा, गोळ्या घेतल्या?" मी म्हणतो, "घेतल्या." तू म्हणतेस, "ठेवू?" मी म्हणतो, "ठेव." गेले पाच महिने आपलं बोलणं एवढंच होतंय. मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही. चार वेळा सांगायला तोंड उघडलं, आणि चारही वेळा विचारलं काय, तर तिकडे पाणी वेळेवर येतं का. म्हणून हे पत्र. माझी शाळा सातवीपर्यंत, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

रविवारी तुझी आई तुझ्याशी फोनवर बोलली. मी जेवत होतो. फोन ठेवून ती म्हणाली, "फॉर्म भरणार नाही म्हणते."

मी विचारलं, "कसला?"

"पोलीस भरतीचा, आबा. तीस तारीख शेवटची आहे. मी म्हटलं, पाय बरा झालाय, भर की. तर म्हणते, मम्मी, माझं शरीरच त्या मापाचं नाही. पाच महिने पळाले, तीन मिनिटांच्या खाली एकदासुद्धा आले नाही. आणि वेळ काय दुसऱ्या कुणी लावलेली नाही, आबांनी लावली."

हातातला भाकरीचा तुकडा मी ताटात परत ठेवला. तुझी आई म्हणाली, "जेवा की, आबा."

आज एवढंच लिहितो. हात दुखतो.

बुधवार

काल हात दुखत नव्हता. पुढे काय लिहायचं ते माहीत होतं, म्हणून थांबलो.

आज आधी तुला इकडची एक गोष्ट सांगतो. आईने तुला सांगितलेली नाही, मीच तिला नको म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये मी एकटाच जिना उतरायला गेलो आणि दुसऱ्या मजल्यावर पडलो. हाड मोडलं नाही, कोपर सोलवटलं. पण तेव्हापासून तुझी आई ड्युटीवर जाताना बाहेरून कुलूप लावते. तिला बोल लावू नकोस. तिकडे दुसऱ्यांचे पेशंट उचलताना तिचा अर्धा जीव इथे जिन्यावर असतो. दुसरी चावी समोरच्या कलावतीबाईंकडे असते. पहाटे कुलूप लागल्याचा आवाज येतो, मग मी चहा पितो, मग खिडकीत बसतो. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. मैदान दिसत नाही. तू होतीस तेव्हा तुझ्या खांद्यावर हात ठेवून रोज चोपन्न पायऱ्या उतरायचो आणि मैदानावरच्या त्या सिमेंटच्या बाकावर बसायचो. ते आठवत बसतो.

पण सप्टेंबरपासून मी सराव सुरू केलाय. हसू नकोस. तुझ्या योगिनी मॅडम भरतीच्या पोरींना शिकवायच्या, ते मी बाकावर बसून फुकटात ऐकलेलं आहे. त्या म्हणायच्या, ज्या कामासाठी अंग तयार करायचं, तेच काम थोडं थोडं करायला लागतं. मला हे आधी कळलं नाही. पाय मजबूत करायचे म्हणून पहिले आठ-दहा दिवस पलंगावर पडून पाय वर-खाली केले. पाय उचलण्यात पटाईत झालो, जिना होता तसाच. मग मी कलावतीबाईंना गळ घातली, की अकरा वाजता दार उघडा, मला जिन्यासाठी जिनाच पाहिजे.

"आणि पडलात तर?" त्या म्हणाल्या. "विनिता ड्युटीवरून आली की माझा जीव घेईल."

"तुम्ही पुढे राहा."

"म्हणजे तुम्ही माझ्या अंगावर पडणार! छान आहे की!"

तरी उघडलं. पहिल्या आठवड्यात तीन पायऱ्या. आधी खुर्ची धरून पाच वेळा ऊठबस, अंग गरम होईपर्यंत, मग तीन पायऱ्या खाली आणि तीन वर. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी. एक दिवस जिना, एक दिवस सुट्टी. दर आठवड्याला तीन-चार पायऱ्या वाढवायच्या, जास्त नाही. कलावतीबाई वरच्या पायरीवर भाजी निवडत बसतात.

"काका, आज किती?"

"बावीस."

"परवा पण बावीसच म्हणालेलात."

"परवा गुडघा दुखला, म्हणून आज तेवढ्याच."

"आणि काल?"

"काल सुट्टी होती."

"सुट्टी! एवढं काय कलेक्टर ऑफिस लागून गेलंय! मेथी निवडून होईपर्यंत वर या, नाहीतर उद्यापासून मेथी तुम्ही निवडायची."

आज छत्तीस झाल्या. म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंत. खालच्या अठरा राहिल्यात. तुझं स्टॉपवॉच गळ्यात असतं. छत्तीस पायऱ्या उतरायला मला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागले. हा आकडा खरा आहे.

गुरुवार

आज जिन्याला सुट्टी. आज टाळायला काही नाही.

मी वागळे इस्टेटला एकतीस वर्षं होतो हे तुला माहीत आहे. पण तिथे मी काय केलं हे मी तुला नेहमी थोडक्यात सांगितलं. हेल्पर म्हणून लागलो होतो. साहेबांनी बघितलं, की हा माणूस शिकलेला नाही पण आकडा चुकवत नाही. म्हणून टाइम ऑफिसला घेतलं. गेटच्या बाजूला खिडकी, खिडकीत मशीन, कामगार कार्ड घालायचा, वेळ उमटायची. सहाशे माणसांच्या कार्डांवर नजर ठेवायची. कार्डावर खाडाखोड चालायची नाही. मशीन बिघडलं आणि वेळ हाताने लिहावी लागली, तर जुनी वेळ एका रेघेने खोडायची, ती वाचता आली पाहिजे, खरी वेळ शेजारी लिहायची आणि बाजूला टाइमकीपरची सही. सही नसेल तर ती वेळ धरायची नाही.

तुझ्या केशर आजीचा भाऊ पोपट आमच्याच कंपनीत होता. रोज आठ मिनिटं उशिरा. एकदा खिडकीशी येऊन म्हणाला, "दाजी, आठ मिनिटं तर आहेत! तुमचं काय जातं? कार्ड तेवढं आधी घाला ना माझं."

मी म्हटलं, "पोपटराव, रांगेत या."

वर्षभर तो आमच्या घरी आला नाही. तुझ्या आजीने मला महिनाभर ताट वाढलं ते न बोलता. पण मी आठ मिनिटं दिली नाहीत. या गोष्टीचा मला फार अभिमान. तुलाही मी ही गोष्ट वीस वेळा सांगितली असेल. म्हणूनच जानेवारीत तू ते स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलंस आणि म्हणालीस, "आबा, सहाशे माणसांची वेळ लावलीत, आता माझी लावा."

मॅडमचा क्लास सोमवार, बुधवार, शनिवार. पंचवीस पोरी, एकेकीची वेळ लावायला त्यांना सवड नव्हती. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार आपल्या दोघांचे. चार फेऱ्या, आठशे मीटर. तुला दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यायचं होतं. गुरुवार, रविवार विश्रांती. मॅडम ओरडून सांगायच्या, "पोरींनो, अंग पळताना बनत नाही, पळून झोपल्यावर बनतं! सुट्टीच्या दिवशी मैदानावर दिसलात तर बघा!" आणि सांगायच्या, "आजचा आकडा खरा लिहा. आजचा खरा असेल तरच उद्या किती वाढवायचं ते कळतं."

मी ऐकत होतो, मृणाल. सगळं ऐकत होतो.

फेब्रुवारीत एके दिवशी तुझी आई कणीक मळताना म्हणाली, "निवड झाली तर नऊ महिने ट्रेनिंग. मग पोस्टिंग कुठे येईल त्याचा भरवसा नाही." तू हसून म्हणालीस, "मग आबांना मैदानावर कोण नेणार?" आणि आई म्हणाली, "आबांना कशाला पाहिजे मैदान? बसतील घरात."

ती काही वाईट बोलली नाही. पण मला ते घर दिसलं. खिडकी दिसली. दाराला कुलूप लागायला तेव्हा सहा महिने बाकी होते, पण मला आवाज तेव्हाच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तू तीन मिनिटं नऊ सेकंदांत आलीस. मी सांगितलं, तीन अकरा.

दोन सेकंद. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा दोष म्हणून खपून गेले असते. मीही स्वतःला तेच सांगितलं. पुढच्या मंगळवारी चार. मार्चमध्ये आठ. तू पुढे येत होतीस आणि मी तुला तिथेच उभी करत होतो. तू कंबरेवर हात ठेवून, धापा टाकत विचारायचीस, "किती, आबा?" आणि मी काचेवर बोट धरून सांगायचो. तू एकदाही माझ्या हातातून स्टॉपवॉच घेऊन बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर बरं झालं असतं, असं मी रोज म्हणतो. पण तू का बघशील?

मला काय वाटत होतं ते सांगतो, पटेल न पटेल. तू नापास व्हावीस असं मला वाटत नव्हतं. फक्त यंदा नको, पुढच्या खेपेला, एवढंच. आणखी एक वर्ष खांदा मिळावा.

अकरा एप्रिल, शुक्रवार. तू शेवटच्या फेरीत आलीस तेव्हा बाकावरून मला तुझी पावलं ऐकू आली, आणि मी न बघताच समजलो. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. मी दोनदा बघितलं. बाकावरून उठून ओरडावं असं वाटलं. एकतीस वर्षांत एवढी चांगली वेळ माझ्या हातात पडली नव्हती.

तू विचारलंस, "किती, आबा?"

मी म्हटलं, "तीन एक."

तू मातीत बसलीस. गुडघ्यांत तोंड घातलंस. मग उठून माझी पाण्याची बाटली उचललीस, खांदा पुढे केलास आणि म्हणालीस, "चला, ऊन वाढेल."

त्या दिवसापासून तू विश्रांतीचे वार सोडलेस. रविवारी पळालीस. चौदा तारखेला अख्खी वस्ती जयंतीच्या मिरवणुकीच्या तयारीत, आणि तू पहाटे मैदानावर. गुरुवारी पळालीस. मला नियम माहीत होता. सुट्टीच्या दिवशी पळू नकोस, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, "मग तीनच्या खाली कशी येऊ?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, म्हणून मी गप्प बसलो.

मागे फिरावंसं मला वाटलं. पण तेरा सेकंद एकदम खाली कसे आणायचे? तुला संशय आला असता. म्हणून ठरवलं, दर खेपेला एकेक सेकंद कमी करत खऱ्यावर यायचं. हळूहळू, मॅडमच्या नियमाने. पण तोवर तुझी नडगी दुखायला लागली होती. तू बाम चोळून, पट्टी बांधून, आम्हाला न सांगता पळत होतीस. मी सेकंद कमी करायला गेलो तर तू खरोखरच मागे पडायला लागलीस. मे महिन्याच्या शेवटी मॅडमनी स्वतः सगळ्यांची वेळ घेतली. तुझी आली तीन सात. लंगडत आलीस माझ्याजवळ आणि म्हणालीस, "तुमचं बरोबर होतं, आबा. माझंच मन मानत नव्हतं."

माझं खोटं त्या दिवशी खरं झालं. टाइम ऑफिसात असं कधी झालं नव्हतं.

एक्स-रेमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, हाडाला भरून यायला वेळच दिला नाही, तीन महिने जिना बंद. आणि आपलं घर तिसऱ्या मजल्यावर. मावशीचं घर बैठं. म्हणून तू खडवलीला गेलीस आणि दुकानात लागून तिकडेच राहिलीस. तू जाऊ नयेस म्हणून मी हे केलं होतं.

शनिवार

काल लिहिलं नाही. वाचून बघितलं, फाडावंसं वाटलं. मग कॅलेंडर काढलं.

स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर असतं ना, दुधाच्या खुणांचं. तुला जी वेळ सांगितली ती तू तुझ्या वहीत लिहिलीस. खरी वेळ मी घरी येऊन त्या कॅलेंडरच्या चौकटीत, कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहायचो. का लिहायचो ते मला सांगता येणार नाही. लिहिल्याशिवाय चहाला हात लावायचो नाही. जानेवारी ते मे, पाच पानं काढून या पत्रात घालतो. प्रत्येक मंगळवार आणि शुक्रवार आहे. तुझ्या वहीशी ताडून बघ. अकरा एप्रिलच्या चौकटीत जोतिबांची जयंती छापलेली आहे, त्याखाली बघ.

तुझ्या आईला आज दुपारी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आबा, मला म्हणाला असतात तर आपण तळमजल्यावर भाड्याने बघितलं असतं." एवढंच. मग उठून भांडी घासायला लागली, घासलेली पुन्हा घासली.

मृणाल, फॉर्म भर. तीस तारखेच्या आत. शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, साइट बंद पडते म्हणतात.

आणि लगेच आठशे पळायला जाऊ नकोस. मॅडम सांगायच्या, सराव सोडला की आलेलं जातं, पण एकदा येऊन गेलेलं पुन्हा लवकर येतं. आधी चाल. मग थोडं पळ, थोडं चाल. आज जी वेळ येईल तीच धर, एप्रिलची धरू नकोस. दुखलं की थांब. सुट्टीच्या दिवशी सुट्टी. आणि वेळ दुसऱ्या कुणाला लावायला सांग. मावशीला सांग, दुकानातल्या कुणाला सांग. मला सांगू नकोस.

~~मला माफ कर~~ (खोडलं. रामा)

तसं लिहायला मी अजून काही केलेलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर, सकाळी दहा

पाकीट चिकटवायचं राहिलंय, तेवढ्यात हे लिहितो. तुझी आई ड्युटीवर गेली आहे. कलावतीबाई दार उघडून उभ्या आहेत. म्हणतात, "द्या इकडे, मी टाकते. पेटी काय मला चावते?"

त्यांच्या हातात दिलं तर त्या पहिल्या मजल्यावर पोचायच्या आत मी वरून ओरडून परत बोलावेन. मी मला ओळखतो. पोस्टाची पेटी रिक्षा स्टँडजवळ आहे. एकदा आत टाकलं की तिथून काढता येत नाही.

नियमाने आज चाळीस पायऱ्याच व्हायला हव्या होत्या. एकदम अठरा वाढवणं चूक आहे. तुला मी नियम सांगतोय आणि मीच मोडतोय. पण चाळिसाव्या पायरीवर पेटी नाही, आणि तीस तारीख माझ्या गुडघ्यासाठी थांबणार नाही. खुर्ची धरून ऊठबस करून झाली आहे. कलावतीबाई पुढे राहणार आहेत. माझ्यासाठी खालच्या पायरीशी खुर्ची नेऊन ठेवते म्हणाल्या. आज भाजी आणलेली नाही त्यांनी.

हे पत्र तुझ्या हातात पडलं, म्हणजे आबा चोपन्न पायऱ्या उतरला असं समज. परत वर चढला की नाही, ते विचारायला वाटलं तर फोन कर. नाही वाटलं तर नको करूस, फॉर्म भर. गोळ्या घेतल्या आहेत.

११ एप्रिल, शुक्रवार. आठशे मीटर.
सांगितलेली वेळ: ~~३ मिनिटे ०१ सेकंद~~
खरी वेळ: २ मिनिटे ४८ सेकंद

सही,
रामा
टाइमकीपर